खांदा नको, कंबर बघ

साखर कारखान्याचा गळीत हंगाम आटोपला की प्रयोगशाळेतल्या माणसाच्या संध्याकाळी एकदम रिकाम्या होतात. रसाचे नमुने नाहीत, रसाचा गोडवा मोजणारे ब्रिक्स-पोलचे आकडे नाहीत, रात्रपाळीचा चहा नाही. तीन वर्षांमागे अशाच एका जूनमध्ये भाचा पुण्याहून आला आणि त्याचा जुना प्लेस्टेशन ४, म्हणजे टीव्हीवर गेम खेळायचं यंत्र, आमच्या कराडच्या घरात ठेवून गेला. "मामा, तुला राहू दे. डिस्क आतच आहे." आतली डिस्क डार्क सोल्स ३ ची होती. पोहायला शिकायचंय म्हणणाऱ्याला ऑगस्टातल्या कोयनेत ढकलून द्यावं, तसला हा प्रकार. पोरगं भोळं आहे की बेरकी, याचा निकाल मी अजून लावलेला नाही.

हा गेम २०१६ चा. टोकियोच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचा, दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी. त्यात माणूस सारखा मरतो. पडद्यावर लाल अक्षरांत 'यू डाइड' उमटतं आणि आपण शेवटच्या शेकोटीपाशी पुन्हा उभे. जमवलेली पुंजी मेलेल्या जागी सांडलेली असते. ती उचलायला जाताना परत मेलो तर ती कायमची गेली. मला हा हिशोब लवकर पटला. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला पटतोच.

सांगायचंय ते एका उडणाऱ्या ड्रॅगनबद्दल, आणि त्याच्यावर बसलेल्या माणसाबद्दल. गेममधल्या कथेची तड लावायला या दोघांना मारावंच लागतं असं नाही. ते वाटेवर नाहीतच. वाकडी वाट करून त्यांच्याकडे जावं लागतं. म्हणजे जो तिथे मरतो तो आपल्या पायांनी चालत जाऊन मरतो. मी दोन पावसाळ्यांत मिळून ४४ वेळा गेलो.

आकडा नेमका सांगता येतो, कारण मी वही ठेवली होती. प्रयोगशाळेची सवय. तारीख, कितवा प्रयत्न, कितव्या टप्प्यात मेलो, आणि शेवटचा रकाना: कारण. पहिल्या बारा नोंदींत कारणाच्या रकान्यात "आग" असं लिहिलंय. आता ती पानं बघितली की हसू येतं. आगीने कोण मरतं? आग कुठून येणार हे न बघितल्यामुळे मरतो माणूस. ऊसाच्या रसाची शुद्धता घसरली तर आम्ही अहवालात "रस" असं कारण लिहितो का?

तिथे पोचायची रीतच मजेशीर आहे. एका राजाच्या पडक्या बागेपलीकडे मांडी घालून बसलेलं एक प्रेत सापडतं, त्याच्याकडून बसण्याची एक मुद्रा शिकायची. मग इरिथिलच्या तुरुंगाबाहेर, कड्याच्या टोकावर, तशीच मांडी घालून बसलेलं दुसरं एक प्रेत आहे, त्याच्या शेजारी जाऊन बसायचं. आणि काही करायचं नाही. अख्खा गेम बटणं बडवायला लावणारे लोक इथे म्हणतात, हात बाजूला ठेव. जरा वेळाने दृश्य बदलतं आणि आपण एका डोंगरावर असतो. आर्चड्रॅगन पीक म्हणतात त्याला. ही पहिली सूचना होती. ती मला तेव्हा कळली नाही.

डोंगराच्या सुरुवातीलाच एक थोराड ड्रॅगन अंगावर येतो. त्याला मारायची युक्ती सोपी: त्याच्या नादी न लागता आग चुकवत, जिने-शिड्या चढत पळायचं, त्याच्या डोक्याच्या बरोबर वर येईल अशा कठड्यावर पोचायचं आणि तलवार खाली धरून उडी मारायची. एका उडीत खेळ खलास. मी दुसऱ्याच प्रयत्नात मारला आणि आईला सांगितलं, की ड्रॅगन म्हणजे काही विशेष नसतं.

खरं तर या कंपनीच्या जुन्या गेममधून ड्रॅगनशी अशीच लबाडी चालत आलेली आहे. २०११ च्या पहिल्या डार्क सोल्समध्ये एका पुलावर लाल ड्रॅगन बसलेला असतो. पुलावरून गेलं की भाजून निघतो. पण पुलाच्या खाली उभं राहून लोंबणाऱ्या शेपटीवर बाण मारत राहिलं की शेपूट तुटते, आणि शेपटीतून एक झकास तलवार हाती येते. ड्रॅगन वर तसाच बसून. आड उभं राहून बाण मारायचे, वरून उडी मारायची, तो पोचणार नाही अशा कोनाड्यात दडून बसायचं. भाचा याला 'चीज करणं' म्हणतो; आमच्याकडे याला रडीचा डाव म्हणतात.

वरच्या त्या दोघांपुढे कोनाडा नाही, हीच पहिली अडचण. डोंगरमाथ्यावर एक प्रचंड घंटा आहे. तिची कळ ओढली की घंटा वाजते आणि खालच्या दऱ्या ढगांनी भरून येतात. मग कड्यावरून पाय पुढे टाकायचा. पडत नाही. ढग पायाखाली टणक लागतो. सगळीकडे सपाट पांढरं, वर अंधारलेलं आभाळ, आडोशाला दगड नाही की खांब नाही. आणि मग तो येतो.

"ह्ये कसलं ड्रॅगन? गिधाड हाय ते," आई म्हणाली. टीव्ही एकच असल्यामुळे तिची मालिका संपली की माझी पाळी, आणि ती उठून जाण्याऐवजी तिथेच लसूण सोलत बसायची. तिचं निरीक्षण बरोबर होतं. त्याला खवले कमी आणि पिसं जास्त आहेत, मानही पाखरासारखी. खालच्या रक्ताच्या पट्टीवर त्याचं नाव येतं: 'किंग ऑफ द स्टॉर्म'. वादळाचा राजा. हे नाव वाहनाचं आहे. वर बसलेल्या स्वाराचं नाव या टप्प्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

तर युक्ती. पहिली आणि सगळ्यांत मोठी: कॅमेरा सोडून द्या.

या गेममध्ये एक सोय आहे, लॉक-ऑन. उजवीकडची काडी दाबली की शत्रूवर एक ठिपका बसतो आणि मग आपण कुठेही पळालो तरी नजर त्याच्यावरच राहते. जमिनीवरच्या शत्रूंशी लढताना ही सोय म्हणजे वरदान. मीही पन्नास-साठ तासांत इतका सरावलो होतो, की शत्रू दिसताच अंगठा आपोआप काडीवर जायचा. पण उडणाऱ्यावर लॉक ठेवला की तो वर जाताच आपली नजरही वर जाते. पडद्यावर नुसतं आभाळ उरतं, पिसं आणि ढगांचा गोंधळ, आणि आपला माणूस खालच्या कडेला कुठेतरी चेंगरलेला. कुठे पळतोय ते दिसत नाही. मग वरून आग पडते. वहीतल्या पहिल्या बारा "आगी" या अशा आहेत. त्याच्यावरून नजर हटू नये म्हणून मी जो बंदोबस्त केला होता, त्यानेच मला मारलं. बहुतेकांची पहिली काही मरणं याच कॅमेऱ्यामुळे होतात आणि लोक गेमला शिव्या घालतात. मीही घातल्या. काही अजूनही मागे घेणार नाही. कॅमेरा तिथे खरोखरच वाईट आहे.

लॉक काढल्यावर अर्धी लढाई दिसायला लागते. दिसतं ते असं: त्याच्या पोटाखाली शिरलात तर तो वर उठतो आणि खाली आग ओततो, सगळं वर्तुळ पेटतं. सगळे नवखे पोटाखालीच शिरतात, कारण बाकीच्या ड्रॅगनांशी पायांपाशी घुटमळून लढायची सवय लागलेली असते. आणि फार लांब राहिलात, तर स्वार विजेचे भाले फेकतो, किंवा ड्रॅगन जमिनीलगत सुसाट आग सोडत येतो. तेव्हा मागे न पळता आडवं सुटायचं. उरली कुठली जागा? तोंडासमोरची. अगदी चोचीपुढे, किंचित बाजूला. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण स्वाराचा भाला फिरवून संपला की ड्रॅगनची मान खाली आलेली असते, आणि डोक्यावर बसलेला वार पायांवरच्या वारापेक्षा कितीतरी जास्त लागतो. डोक्यावर पुरेसे वार बसले की तो झोकांडी खाऊन मान टाकतो, आणि त्या क्षणी जवळ जाऊन एक मोठा घाव घालता येतो. तो साधला तर पहिला टप्पा दोन मिनिटांत उरकतो.

पण दोनच वार. खाली हिरवी पट्टी असते दमाची. प्रत्येक वार ती खाते, त्याचा वार चुकवायला मारलेली प्रत्येक कोलांटी ती खाते. तिसरा वार घातला की कोलांटीपुरता दम उरत नाही. माझ्या वहीत "तिसरा वार" हे कारण सात वेळा आहे.

किरकोळ गोष्टी भराभर सांगतो. चिलखत जड घालू नका. अंगावरचं एकूण वजन ७० टक्क्यांच्या वर गेलं की कोलांटी म्हणजे पोतं लोळवल्यासारखी होते. विजेपासून वाचवणारी दगडी चकतीची अंगठी मिळते, ती घाला, कारण दोन्ही टप्प्यांत वीज आहे. औषधाची सुरई जखम झाल्या झाल्या तोंडाला लावू नका, तो उंच उडून लांब जाईल तेव्हा प्या. शेकोटी अगदी जवळ आहे, मेल्यावर फार चालावं लागत नाही, एवढी दया त्यांनी केलेली आहे.

तेराव्या नोंदीपासून "आग" थांबली. एकविसाव्या वेळी ड्रॅगन पडला.

तो पडल्यावर जे होतं ते मी पहिल्यांदा नीट बघितलं नाही. आनंदात आईकडे वळलो होतो. आई पडद्याकडेच बघत होती. स्वार खाली उतरला होता, त्या पडलेल्या जनावराजवळ होता, आणि मग त्याची सगळी ताकद त्याने स्वतःत ओढून घेतली. "गेला त्येच्याजवळ," आई म्हणाली. नंतर थोडा वेळ नुसता लसूण सोलण्याचा आवाज. मग म्हणाली, "तुझं वडील आसंच बसलेलं सर्जा गेला तवा." सर्जा आमचा बैल. कारखान्यावर ऊस वाहून वाहून एका हंगामाच्या शेवटी गोठ्यात बसला तो उठला नाही. मी तेव्हा चार वर्षांचा असेन, मला आठवत नाही. "कशाला मारलंस रं त्येला," असं तिने म्हणायच्या आत नवी पट्टी आली, पट्टीवर 'नेमलेस किंग' असं नाव आलं, आणि निनावी राजाने मला दोन फटक्यांत आडवा केला.

या माणसाची गोष्ट गेम कुठेही सलग सांगत नाही. मियाझाकी यांनी मुलाखतीत सांगितलंय, की लहानपणी ते अवघड पुस्तकं वाचायचे, त्यातलं निम्मंअधिक कळायचं नाही, आणि न कळलेल्या जागा ते कल्पनेने भरून काढायचे. त्यांचे गेमही तसेच आहेत. गोष्ट वस्तूंवरच्या दोन-दोन ओळींत विखुरलेली. त्या जोडल्या की बहुतेक खेळणाऱ्यांना पटलेलं चित्र असं उभं राहतं: ज्या देवाने विजेच्या भाल्यांनी ड्रॅगनांचे खवले सोलून काढले, त्या ग्विनचा हा थोरला मुलगा. युद्धाचा देव, स्वतः ड्रॅगन मारणारा. आणि एके दिवशी तो ड्रॅगनांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. बापाच्या घराने त्याचं नाव इतिहासातून खोडलं. २०११ च्या गेममध्ये त्यांच्या राजधानीत देवांच्या मूर्ती आहेत, त्यांत थोरल्याची जागा रिकामी आहे.

हे वाचताना मला आमचा सातबारा आठवला. आजोबांच्या एका भावाच्या नावाला त्यात कंस आहे. कंस केला म्हणजे नाव वाचता येतं, पण हक्क नाही. का केला, ते घरात कोणी सांगत नाही. मराठीत नाव काढणं म्हणजे कीर्ती मिळवणं; तलाठ्याकडे जाऊन नाव काढणं ही वेगळीच गोष्ट.

असो. दुसरा टप्पा.

दुसऱ्या टप्प्यात तो जमिनीवर आहे, पायी आहे, कॅमेरा शहाण्यासारखा वागतो, लॉकही लावता येतो. वाटतं, आता सोपं. आणि इथेच मी २३ वेळा हरलो. त्यातल्या १८ वेळा कारणाच्या रकान्यात एकच शब्द आहे: "घाई".

तो भाला उचलतो. आपण कोलांटी मारतो. भाला अजून वरच आहे. आपली कोलांटी संपते, आपण उभे राहतो, आणि मग भाला येतो. दर वेळी. कोलांटीच्या मधल्या अगदी थोड्या क्षणांत आपल्याला काही लागत नाही. त्याच्या अलीकडे-पलीकडे सगळं लागतं. त्याला हे पक्कं ठाऊक असल्यासारखा तो वार रोखून धरतो. भाला जमिनीत रोवतो, सगळं शांत होतं, वाटतं संपलं, आणि मग आभाळातून वीज उतरते. साधी ढाल धरली तर वीज तिच्यातून झिरपते. भाच्याला फोन केला तर म्हणाला, "मामा, पॅनिक रोल करू नकोस." म्हणजे घाबरून कोलांटी मारू नकोस. धन्य. भुकेल्याला उपाशी राहू नकोस म्हणण्यातला प्रकार.

हे मी कुठेतरी आधी खाल्लेलं आहे, हे कळायला बरेच दिवस गेले. शाळेत मी कबड्डी खेळायचो. उजवा कोपरा. गावातल्या मैदानावर, मुरुमावर, गुडघ्याला कायम खपली. चढाईला आलेला पोरगा रेषेपाशी नुसता खांदा झुकवायचा आणि मी झेपावायचो. पाय त्याने उचललेलाच नसायचा. मी तोंडावर आपटलेला, आणि तो शांतपणे माझ्या पाठीला हात लावून परत. याला हूल म्हणतात. एका सामन्यात पाच वेळा हूल खाल्ल्यावर पीटीचे सर मध्यंतरात जवळ आले आणि म्हणाले, "खांद्याकडं बघू नको. खांदा खोटं बोलतो. कंबर बघ. कंबर वळल्याशिवाय माणूस कुठं जात नाही." दुसऱ्या डावात मी दोन चवडे पकडले. त्यानंतर आयुष्यात कबड्डीचा काही संबंध आला नाही, आणि सरांचं वाक्य मी विसरून गेलो.

निनावी राजाचा भाला म्हणजे तो खांदा. भाला वर जाणं ही हूल. मग याची कंबर कुठली? मी दोन संध्याकाळी लढलोच नाही. आत जायचं, पहिला टप्पा उरकायचा, आणि दुसऱ्यात नुसतं बघत मरायचं. वहीत त्या नोंदींपुढे "निरीक्षण" लिहिलंय, त्या चार मरणांची मला लाज नाही. बघता बघता दिसलं: भाला कितीही वेळ वर राहो, वार सुटताना त्याचं अंग पुढे पडतं. पाय टाकतो. त्याआधी भाल्याच्या टोकाला काहीही अर्थ नाही. आणि पाय पडताना मागे नाही, त्याच्याच दिशेने, त्याच्या बगलेतून पलीकडे कोलांटी मारायची. मागे सरकणाऱ्यासाठी त्याचा भाला फार लांब आहे.

कळलं म्हणून अंगठा ऐकतो असं नाही. कळल्यानंतरही मी सहा वेळा घाईने मेलो.

एकेचाळिसावी नोंद तर अन्याय आहे. त्याची पट्टी नखाएवढी उरलेली. पडद्यावर वीज, बाहेरही वीज. जूनचा वळीव होता, ढग असे गडगडत होते की कुठला आवाज कुठला ते कळेना. आणि कोपऱ्यावरचा डीपी उडाला. काळोख. आई आतून म्हणाली, "तूच मेलास का लायटी गेल्या?" त्या नोंदीत कारणाच्या रकान्यात मी काय लिहिलंय ते इथे छापण्यासारखं नाही.

नंतर पुण्याला भाच्याकडे मी एल्डन रिंग बघितला, याच कंपनीचा, २०२२ चा. त्यात सुरुवातीलाच एका उथळ तळ्यात अघील नावाचा उडता ड्रॅगन अंगावर कोसळतो. पण तिथे आपल्याकडे घोडा असतो. तो वर गेला की घोडा पळवायचा, उतरला की पायांवर वार करत बाजूने निघायचं, डोकं खाली आलं की डोक्यावर. घोड्यावरून बाणही मारता येतात. दृश्य म्हणाल तर जास्त भव्य. पण मला ती लढाई हलकी वाटली. पळून जायला सगळं मैदान असलं की माणूस बघायला शिकत नाही. भाच्याला हे पटलं नाही. तो म्हणाला, मामा, तुला मरायलाच आवडतं.

चव्वेचाळिसाव्या वेळी काही वेगळं वाटलं नव्हतं. पहिला टप्पा नेहमीसारखा, दोन वार आणि मागे, दोन वार आणि मागे. ड्रॅगन मान टाकून पडला. हा भाग मी आता दर वेळी बघायचो; बटण दाबून पुढे ढकलत नव्हतो. मग तो आला, आणि त्याने भाला उचलला. माझा अंगठा बटणावर होता आणि हलला नाही. भाला वर होता. अजून वर होता. आईच्या हातातली लसणाची पाकळी ताटलीत पडल्याचं ऐकू आलं. त्याचा पाय पुढे पडला, तेव्हा कुठे मी गेलो, त्याच्या कुशीतून, आणि पलीकडे उभा राहिलो तेव्हा भाला माझ्या मागे ढगात रुतलेला होता.

पुढची तीन-चार मिनिटं मला सलग आठवत नाहीत. शेवटी पडद्यावर अक्षरं आली: 'एअर ऑफ फायर डिस्ट्रॉइड'. अग्नीचा वारस नष्ट झाला. ही ओळ इतरही बॉस, म्हणजे मोठे शत्रू, मेल्यावर येते, मला माहीत आहे, खास त्याच्यासाठी लिहिलेली नाही. तरी वारस हा शब्द मला खटकला. घरातून नाव खोडलं, आणि नोंद झाली ती ही अशी, मेल्यावर.

वही काढली. तारीख, ४४, टप्पा दुसरा. कारणाचा रकाना मोकळा सोडला.

"मेला का रं?" आईने विचारलं.

"मेला."

"कोण? पाखरू का माणूस?"

"दोघं."

तिने लसणाची ताटली उचलली, साली ओंजळीत गोळा केल्या. "मग आता उद्यापासनं टीव्ही मोकळा का?"